गेर्डाबाईंच्या नावाची चिठ्ठी

मी आयुष्यात दोन कामं केली. एकात पगार होता, दुसऱ्यात फडकं. पहिलं मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातलं. तिथल्या तपासणी विभागात सव्वीस वर्षं हातात मायक्रोमीटर घेऊन मी दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. दुसरं काम जर्मनीत, कार्ल्सरूहे शहरातल्या एका सहकारी किराणा दुकानाच्या संचालक मंडळावरचं. ते सात वर्षं केलं, फुकट केलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

या अंकासाठी संपादकांनी ‘कारखान्यातले अनुभव लिहा’ असं कळवलं होतं. पण खरं सांगू का, कारखान्यातलं लिहिण्यासारखं मला काही आठवत नाही. गिअरचं चाक नापास केलं तर ते बिचारं रुसत नाही, पुढच्या दिवाळीला आपल्याकडे यायचं बंद करत नाही. दुकानात माणसं होती, म्हणून दुकानाचं लिहिते.

आधी दुकान म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे सहकार म्हटलं की डोळ्यांपुढे चेअरमनसाहेब, त्यांची गाडी आणि स्टेजवरचे हार येतात. आमच्या दुकानाचे मालक म्हणजे वस्तीतली काही शे घरं. प्रत्येकाने एकदा शेअर विकत घ्यायचा आणि महिन्यातून एकदा तीन तास दुकानात राबायचं. या राबण्याला तिथे ‘डीन्स्ट’ म्हणतात. कुणी गल्ल्यावर बसतं, कुणी भाजी निवडतं, कुणी फरशी पुसतं. डॉक्टर असो नाहीतर बस ड्रायव्हर, ज्याची पाळी त्याच्या हातात फडकं. या सगळ्यावर पाच जणांचं संचालक मंडळ, म्हणजे ‘फोरश्टांड’. आमचा चेअरमन थॉर्स्टन. शाळेत भूगोल शिकवायचा आणि शनिवारी सकाळी दुकानातला फ्रीज रिकामा करून आतून धुवायचा. मी नवीन असताना त्याला गुडघे टेकून फ्रीज पुसताना पाहिलं आणि विचारलं, “चेअरमन कुठे भेटतील?” तो म्हणाला, “जरा तो साबण दे आधी.”

तिथल्या सभा! देवा रे देवा. मत पटलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. पहिल्या सभेत मला वाटलं, सगळ्यांनी एकदम हात धुतलेत आणि टॉवेल सापडत नाहीये. आणि एकाचाही ठाम नकार असला की ठराव पुढे जायचा नाही. केळी विकायची की नाही यावर आम्ही अडीच तास बसलोय. केळी जहाजातून लांबून येतात, म्हणून तीन जणांचा विरोध. मी म्हटलं, “मीही लांबूनच आलेय की.” थॉर्स्टन गंभीरपणे म्हणाला, “आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, “सुजाता, तू एकदाच आलीस. केळी दर आठवड्याला येतात.” शेवटी केळी आली, पण फक्त शुक्रवारी. का शुक्रवारी, ते आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एक निवृत्त न्यायाधीश स्वतःचा तराजू पिशवीत घालून आणायचे. आमच्या काट्यावरचं वजन झालं की आपल्या काट्यावर करायचे, आणि दोन्ही जुळले की चेहरा पाडून घरी जायचे. एका बाईंना गाजरं मातीसकट लागत. धुतलेली दिली तर म्हणायच्या, “मग ही गाजरं आहेत हे मी कशावरून मानू?” अक्रोडाच्या पोत्यात पतंग झाले तेव्हा मंडळाने पुस्तकं उघडली, मी मात्र पुण्याहून येणाऱ्या भाचीकडून वाळवलेला कडुलिंबाचा पाला मागवला. उरलेल्या पोत्यांत घातला आणि पतंग गेले. तेव्हापासून किडामुंगीचं खातं कायमचं माझ्या गळ्यात पडलं.

पण आमच्या दुकानाचा खरा जीव होता भरणीत. सामान मोठ्या पोत्यांतून यायचं. ते काचेच्या बरण्यांत भरायचं आणि प्रत्येक बरणीवर हाताने लिहून चिठ्ठी लावायची. आत काय आहे, कधीपर्यंत टिकेल, कुणाला न चालणारं त्यात काही आहे का, आणि शेवटी भरणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. या शेवटच्या दोन अक्षरांचा दुकानाला फार अभिमान होता. तुमच्या घरी आलेलं पीठ कुणाच्या हातून आलं ते तुम्हाला माहीत असायचं.

आणि मला त्याचं किती अप्रूप होतं ते सांगायला हवं. माझ्या आईच्या गावात दुकानदार आमच्या माणसांच्या पदरात माल वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. आई हे कधी रडून सांगायची नाही, भाजी निवडता निवडता सांगायची. तिची मुलगी परदेशात जाऊन अख्ख्या वस्तीचं पीठ स्वतःच्या हातांनी भरते आणि वर आपलं नाव लिहिते, हे बघायला आई राहिली नाही. पहिल्या दिवशी माझ्या हातात पीठ भरायचा पत्र्याचा डाव ज्यांनी दिला, त्या गेर्डाबाई.

गेर्डाबाई लिंडनर म्हणजे दुकानाच्या संस्थापकांपैकी शेवटच्या उरलेल्या. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये धान्याची दोन पोती ठेवून त्यांनी हे सुरू केलं तेव्हा थॉर्स्टन शाळेत जात असेल. माझी त्यांची गाठ पडली तेव्हा सत्तरी ओलांडलेली, उंच, काटक, सायकलवरून येणारी बाई. दर गुरुवारची भरणी त्यांची. महिन्यातून एकदा नव्हे, दर गुरुवारी. त्यांनी माझं कसलंही शिक्षण, अनुभव, कागद विचारले नाहीत. डाव दिला आणि म्हणाल्या, “कडेपर्यंत भरू नकोस, झाकण लावताना सांडतं.”

सगळं दुकान त्यांना ‘गेर्डा’ म्हणायचं, अरेतुरे करायचं. तिथली पद्धतच ती. माझी जीभ काही वळली नाही. वयाने आईएवढ्या बाईला मी ‘ए गेर्डा’ म्हणू? मी सात वर्षं ‘फ्राऊ लिंडनर’, म्हणजे ‘लिंडनरबाई’, आणि ‘तुम्ही’च म्हणत राहिले. त्या हसायच्या. “तू बोलायला लागलीस की मला वाटतं मी बँकेत आलेय.” पण माया लावली हो त्यांनी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे सायकलवरून सूप घेऊन आल्या. आमचे हे स्टुटगार्टहून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत भांडंसुद्धा घासून ठेवलेलं असायचं.

आता मुद्द्यावर येते.

माझं सहावं वर्ष चालू होतं. एका गुरुवारी गेर्डाबाईंनी भरलेल्या बरण्या मी फळीवर मांडत होते. बरणीत राय या तिथल्या धान्याचं पीठ, चिठ्ठीवर गव्हाचं. मला वाटलं, झालं असेल एखाद्या वेळी. मी चिठ्ठी काढली, नवीन लिहिली. शेवटी भरणाऱ्याची दोन अक्षरं लिहायची वेळ आली आणि माझा हात थांबला. माझी लिहिली तर त्या विचारणार, माझी बरणी तुझी कशी झाली? मग चूक सांगावी लागणार. म्हणून मी त्यांचीच अक्षरं लिहिली. गे. लि. आणि बरणी फळीवर ठेवून दिली.

पुढच्या महिन्यात दुसरी. मग तिसरी. कुठे तारखेतला तीन आठसारखा, कुठे ओट्स-सुक्यामेव्याच्या म्युस्लीच्या यादीत हेझलनट लिहायचंच राहिलेलं. हे साधं नव्हतं, कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. मी काय केलं? दर गुरुवारी चार वाजता त्या मागच्या खोलीत पाव खायला बसल्या की मी पंधरा मिनिटांत त्यांचं सगळं तपासायला लागले. चुकलेली चिठ्ठी काढायची, बरोबर लिहायची, खाली गे. लि. लिहायचं आणि काही झालंच नाही असा चेहरा करून चहाला जायचं.

कारखान्यात मी दहा मायक्रॉनसाठी अख्खा घाणा परत पाठवलाय. सुपरवायझरच्या तोंडावर ‘नापास’ म्हटलंय. पण त्या बाईला ‘तुमचं चुकतंय’ एवढं म्हणवेना. कसं म्हणणार? थोरांची चूक चारचौघांत काढायची नाही, झाकून घ्यायची, हे कुणी शिकवलेलं नसतं, अंगातच असतं. सासूबाईंनी भाजीत दोनदा मीठ घातलं तर आपण बटाटा टाकतो, गवगवा करत नाही. मी बटाटा टाकत होते. उलट मनातून मला बरंच वाटायचं, की बघा, मी किती सांभाळून घेते माणसाला.

असं वर्षभर चाललं.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी दोन नवी पिठं आली होती. एक बेसन. आमच्याकडे तोवर बेसन नसायचं, मीच आग्रह करून मंडळात ठराव मांडून आणवलेलं. दुसरं लुपिनचं. लुपिन ही एक शेंग, तिच्या दाण्यांचं पीठ तिथे पावात घालतात. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांतल्या पुष्कळांना लुपिनही चालत नाही, म्हणून त्याच्या बरणीवर तसं ठळक लिहायचा नियम. चार वाजता मी ट्रेपाशी गेले तर सहा बरण्यांत पिवळंधमक पीठ आणि चिठ्ठीवर ‘लुपिन’.

मी मनाशी हसले. म्हटलं, अहो बाई, हे बेसन आहे! जन्मभर बेसन मळलेली मी. भजी, पिठलं, लाडू, काय केलं नाही? बेसन मला अंधारात ओळखू येईल. पोतं बघायला हवं होतं, पण रिकामं पोतं रद्दीच्या खोलीत गेलेलं आणि गेर्डाबाईंचा पाव संपत आलेला. चाखायला हवं होतं. चाखलं नाही. बेसन काय चाखायचं? सहाही चिठ्ठ्या काढल्या, ‘चण्याचं पीठ’ लिहिलं, खाली गे. लि. लिहिलं आणि फळीवर मांडून मोकळी झाले.

शनिवारी यूलियाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. यूलिया आमची सभासद, बालवाडीत शिकवते. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. तिला बेसनाची धिरडी मीच शिकवली होती, कागदावर चित्र काढून. तिने ती बरणी नेली, धिरडी केली आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. नशीब थोर, शेजारी घरी होते. दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि फोनवर मलाच समजावत होती, “पहिलं इतकं छान झालं की मी दुसरंही खाल्लं, तेच नडलं.” मी फोन ठेवला.

सोमवारी संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक. टेबलावर मधोमध ती बरणी. थॉर्स्टन म्हणाला, “बेसनाचं पोतं कोठारात अजून शिवलेलं आहे. कुणी उघडलेलंच नाही. म्हणजे या सहाही बरण्यांत लुपिन आहे.” अन्न तपासणीच्या ऑफिसला त्याने सकाळीच कळवलं होतं, उरलेल्या बरण्या उचलल्या होत्या. मग त्याने बरणी फिरवून चिठ्ठी आमच्याकडे केली. “गे. लि. आल्झो, अवघड आहे, पण बोलावं लागेल. गेर्डा अठ्ठ्याहत्तरची आहे.”

चिठ्ठीवर माझं अक्षर होतं. चौघांपैकी एकालाही ते ओळखू आलं नाही. वर्षभर मी ते त्यांच्यासारखं काढायला शिकले होते ना.

मी बोलले नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? ठरलं असं, की गुरुवारी गेर्डाबाईंना बोलावून सांगायचं, आजपासून भरणी बंद. दुकानातलं कुठलंच काम नको. एकाने विचारलं, “सुजाता, तुझं त्यांच्याशी जमतं, तू बोलतेस का?” मी मान हलवली. आमची मान तर कशीही हलते, त्यांनी तो होकार धरला.

बुधवारी संध्याकाळी यांना सांगितलं. लेक केतकी फ्रँकफर्टला असते, तीही व्हिडिओ कॉलवर होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, तू त्यांची अब्रूच राखत होतीस की. हेतू चांगला होता.”

केतकी तिकडून म्हणाली, “आईने त्यांची खोटी सही केली, पपा.”

“सही कसली? दोन अक्षरं नुसती!”

“मग दोन अक्षरांची खोटी सही.”

हे म्हणाले, “मोठ्यांशी असं बोलतात का?” मी म्हटलं, “अहो, थांबा. बरोबर बोलतेय ती.” रात्रभर काही माझा डोळा लागला नाही.

गुरुवारी तीन वाजता मागच्या खोलीत आम्ही पाच जण आणि गेर्डाबाई. कॉफी होती, कुणी घेतली नाही. मी सुरुवात करीना, तेव्हा थॉर्स्टननेच सगळं सरळ सांगितलं, तिथल्या रीतीप्रमाणे, शब्द न चघळता. गेर्डाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी बरणी उचलली, अगदी नाकाशी नेली, डोकं तिरकं करून चिठ्ठी पाहिली.

“मला आठवतंय की मी लुपिन लिहिलं,” त्या म्हणाल्या. “मी पीठ चाखलं होतं. कडवट लागलं, म्हणून लुपिन. हल्ली मी सगळं चाखूनच लिहिते.” मग बोट खालच्या दोन अक्षरांवर ठेवलं. “पण नाव माझं आहे. म्हणजे मीच लिहिलं असणार. आणि मला आठवतंय ते खोटं आहे.”

बरणी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, फार जपून. सात वर्षांत ते हात मी पोतं उचलताना पाहिले, सायकलची साखळी बसवताना पाहिले, एवढं जपून काही ठेवताना नाही पाहिले. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “तिलाही न घडलेलं आठवायचं. शेवटी ती मला ओळखत नव्हती.”

आता काय उरलं होतं माझं राखायला? ती बाई माझ्या समोर बसून स्वतःचं डोकं फिरतंय असं मानायला तयार झाली होती, आणि का, तर माझ्या दोन अक्षरांवर विश्वास ठेवून.

मी म्हटलं, “तुम्ही लुपिनच लिहिलं होतं. मी बदललं. हे अक्षर माझं आहे.”

थॉर्स्टन म्हणाला, “पण खाली नाव गेर्डाचं आहे.” मी म्हटलं, “तेही मीच लिहिलं.” आणि मग सगळं सांगितलं, पहिल्या रायच्या बरणीपासून. मध्येच माझी जर्मन कोसळली, व्याकरणाचा पत्ता राहिला नाही, पण कुणी दुरुस्त केलं नाही. मंडळाचा राजीनामा मी लिहून आणला होता, तो टेबलावर ठेवला. आपल्याकडे राजीनामा दिला की निदान दोघं तरी ‘अहो, असं काय करता’ म्हणतात. थॉर्स्टन म्हणाला, “धन्यवाद. किल्ल्याही आजच देशील ना?” दिल्या.

गेर्डाबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, डोकं ठिकाणावर आहे माझं, सुटले. पण त्यांनी विचारलं, “वर्षभर?”

“हो.”

“किती चुका?”

“मोजल्या नाहीत. दर गुरुवारी दोन, तीन.”

“कसल्या?”

मी सांगितलं. छोट्या अक्षरांतलं वाचताना ओळ सुटते, मधला शब्द गळतो, तीनचा आठ होतो. त्यांनी एक हात उचलला, डावा डोळा झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात खाली घेतला आणि म्हणाल्या, “मला वाटत होतं, या खोलीतले दिवे मंद झालेत. पण मी विचार केला, माल तर बरोबर जातोय. चूक असती तर कुणीतरी बोललं असतं.”

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना त्यांनी मलाच बरोबर नेलं. फोन केला तो एका वाक्याचा. “मंगळवारी साडेनऊ, तू येणार आहेस.” डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या करणारं औषध घालून तपासलं, चित्रं काढली. डोळ्याच्या पडद्यामागे बारीक रक्तवाहिन्या पाझरत होत्या. उजव्या डोळ्यात मधोमध व्रण धरला होता, तिथली नजर गेली होती ती आता परत येणार नव्हती. डाव्यातही सुरू झालं होतं, तिथे दर महिन्याला इंजेक्शन द्यायचं, म्हणजे आहे तेवढं टिकेल.

“उजव्यालाही देता आलं असतं का?” गेर्डाबाईंनी विचारलं.

“वर्षापूर्वी आला असतात, तर बरंच वाचलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साध्या आवाजात म्हणाल्या. त्यांना काय माहीत, बाजूला कोण बसलंय?

परत येताना ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. औषधामुळे त्यांना उजेड सहन होत नव्हता, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तीन थांबे गेले. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, “तुला वाटलं, सांगितलंस तर मी दुखावेन.”

“हो.”

“दुखावलेच असते. आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. मग नवा चष्मा करायला गेले असते आणि त्यांनी हे पाहिलं असतं.”

मी रडले. ट्राममध्ये, सगळ्यांसमोर. त्यांनी माझा हात धरला नाही आणि ढकललाही नाही. थांबा आल्यावर विचारलं, “हाच ना?” मी म्हटलं, “हाच.” आम्ही उतरलो.

त्यांचा तो एक आठवडा वाचवायला गेले आणि मी त्यांचा डोळा घालवला. आमचे हे म्हणतात, असं म्हणू नये, आजार तर होताच. केतकी काही म्हणत नाही. मला कुणी समजूत घालायची गरज नाही, हिशेब मला कळतो.

दुकान चालू आहे. आता पोत्यावरची छापील पट्टी कापून त्या मालाच्या बरण्यांबरोबर ठेवतात आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या लागतात. यूलिया धिरडी करते, पीठ मात्र आधी मला चाखायला लावून नेते, आणि मला त्याचा राग येत नाही. मी मंडळावर नाही, महिन्यातून एकदा फरशी पुसते आणि दर गुरुवारी गेर्डाबाईंबरोबर बसते. भरणी त्यांनी आपण होऊन सोडली. आता बटाटे आणि कांदे निवडतात, हाताने चाचपून. ड्यूटी संपली की कोट घालण्याआधी मला विचारतात, “आज काय चुकलं?” आणि मी सांगते. पहिल्या वेळी वाक्य तीनदा सुरू करावं लागलं होतं. आता सांगते, दोन कांदे नरम राहिले, एक बटाटा हिरवा होता. त्या मान डोलावतात, कोट घालतात आणि जातात.

गेल्या गुरुवारी मी दोन्ही पेट्या बघितल्या. एकही चूक नव्हती. म्हटलं, “आज काहीच चुकलं नाही, फ्राऊ लिंडनर.”

त्या कोटाच्या एका बाहीत हात घालून थांबल्या. “काहीच नाही?”

“काहीच नाही. खरंच सांगते.”

त्यांनी माझ्या दिशेने थोडा वेळ पाहिलं. मग बाहीतला हात काढला, कोट खुंटीला अडकवला, बटाट्यांची पेटी पुढे ओढली आणि पहिल्यापासून एकेक बटाटा पुन्हा चाचपायला लागल्या.